मुखवटा मंडळाची पाचवी ओळ

आमच्या कॅम्पात इंग्रजी सिनेमाचं मराठी मी करतो. हे काम मला कुणी दिलेलं नाही, मी ते बळकावलंय. शुक्रवारची दुपार, मेसमधला भात पोटात जड झालेला, बाहेर सौदीतल्या जुबैलचं ऊन पत्र्यावर आपटतंय, आणि खोलीत पालथ्या बादलीवर माझा लॅपटॉप. दोघं खालच्या बंकवर, दोघं वरच्या बंकवरून पाय सोडून, आणि मी बाजूला खुर्चीवर. सिनेमा थांबवायचा नाही, चालत्या गाडीवर बोलायचं, असा माझा नेम.

माझी लायकी म्हणाल तर मी वेल्डिंग खात्यातला कागदवाला. कुठल्या वेल्डरनं कुठला जॉइंट मारला, त्याचा एक्स-रे पास झाला की नापास, हे फायलीत लावायचं. त्यामुळं इंग्रजी रोज डोळ्यांखालून जातं, पण ते 'सोबत जोडल्याप्रमाणे' एवढ्यापुरतंच. तलवार उपसलेला लॉर्ड दातओठ खात बोलायला लागला की माझं काही चालत नाही. मग मी रचतो. पोरं मला मास्तर म्हणतात, आणि मास्तराला येत नाही असं कसं होईल?

तो सिनेमा असाच कुणाच्या तरी हार्डडिस्कवरून आला. जुना ब्रिटिश सिनेमा, रंग थोडे उडालेले. घोडागाड्या, पांढरे केसांचे टोप, लेसच्या बाह्या, आणि एका पडक्या वाड्याच्या तळघरात रात्री जमणारं बड्या लोकांचं गुप्त मंडळ. सगळे मुखवटे घालून. आत काय चालतं हे गावात कुणी बोलायचं नाही, बोललं की दुसऱ्या दिवशी तो नदीत. म्हणजे एकूण भानगड चांगली रंगणार होती. पण आमच्याआधी कुण्या सज्जनानं ती प्रत कापलेली. तळघराचा दरवाजा उघडायचा, मुखवटेवाले आत शिरायचे, आणि पुढच्या क्षणाला तेच लोक टोप सारखे करत बाहेर! नुसत्या भानगडींचा सिनेमा, आणि त्यातून भानगडच कापलेली.

"मास्तर, आत काय झालं?" आमचा रिगर ओरडला. हा चिपळूणचा, क्रेनला माल बांधणारा, खोलीतला सगळ्यात वात्रट.

आता मी काय सांगणार? दारू आणि बायका म्हणालो असतो तर सगळे हार्डडिस्कवाल्याला शोधायला निघाले असते. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "आत शपथविधी झाला. नवीन माणसाला मंडळात घ्यायचं तर त्यानं मुखवटा घालून आपलं एक खरं गुपित सांगायचं. असं गुपित, की फुटलं तर माणूस बरबाद. म्हणजे तो कधी गद्दारी करत नाही."

मला स्वतःलाच ते इतकं आवडलं की पुढं तीनदा दरवाजा उघडला तेव्हा मी तीनदा गुपितं सांगितली, प्रत्येक लॉर्डाची वेगळी. शेवटी नायकानं तळघर पेटवून दिलं, पण तोवर कुणाचं लक्ष नायकाकडं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी आमचं मंडळ निघालं. मुखवटे शोधायला लांब जायला नको होतं. वेल्डिंगचे हूड, काळ्या काचेचे, साइटवरून बाद झालेले पाच मिळाले. काच खाली केली की समोर काळोख. वेल्डिंगचा आर्क पेटल्याशिवाय त्यातून काही दिसत नाही. पाच माणसं भरदुपारी, ट्यूबलाइट चालू, गुडघे एकमेकांना लागलेले, तोंडावर हूड आणि हातात ताकासारख्या लबनचे स्टीलचे मग. बाहेरून कुणी बघितलं असतं तर सरळ गावी धाडलं असतं.

पाच म्हणजे मी, रिगर, दोन इलेक्ट्रिशियन आणि एक मचाण बांधणारा. एका इलेक्ट्रिशियननं कबूल केलं की मेसमधली अंडी तो चोरतो. मचाणवाल्यानं बायकोला आपण फोरमन आहोत असं सांगितलं होतं. मी एक प्रेमप्रकरण सांगितलं. अर्थात खोटं. आणि रिगर म्हणाला, "माझं गुपित असं की मास्तरचं गुपित खोटंय." हसता हसता लबन हूडमध्ये सांडलं.

मग काका आले.

काका आमच्याच रांगेत शेवटच्या खोलीत राहायचे. देवगडकडचे, वय पन्नाशीच्या पुढं, टिग वेल्डर. पातळ नळीचा जॉइंट असा भरायचे की वर रुपयाची नाणी एकावर एक कलंडून ठेवल्यासारखी लकेर उठायची. त्यांची फाइल माझ्याकडंच होती. तिच्यात एक्स-रे नापास हा कागद शोधून सापडला नसता. त्यांनी सिनेमा पाहिला नव्हता, सिनेमाची गोष्ट ऐकली होती. म्हणजे माझी गोष्ट. आणि ती त्यांना खरी वाटली होती.

"माका घेतलात तर येतंय," ते दारात उभे राहून म्हणाले. "कोणाक तरी सांगूक व्हया होता."

आम्ही त्यांना स्वतःचा हूड आणायला लावला. काच खाली केली. रिगरनं जड आवाज काढला, "बोला सरदार! काय तुमचं पाप?"

हूडमधून आवाज आला, "डाव्या डोळ्यान माका दिसना नाय."

आम्ही हसलो. आम्हाला वाटलं हा विनोद आहे, कारण कुणालाच काही दिसत नव्हतं.

"दोन वर्सा झाली. आधी धुक्या होता, आता तांय नाय. उजव्यान काम करतंय. जॉइंट बरे पडतत, तुमका म्हायत आसा. पण मेडिकल इला. नापास झालंय तर इकामा रिन्यू व्हायचो नाय. चेडवाचा नर्सिंगचा शेवटचा वर्स आसा. एक वर्स. माका फक्त एक वर्स व्हया."

इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना, तो गेला की माणूस गावी. एक एक काच वर गेली. काकांची तेवढी खालीच होती.

आतापर्यंत मेडिकल पास कसं झालं, ते त्यांनी सांगितलं. दरवर्षी आधी उजवा डोळा तपासायचे. तेव्हा उजव्यानं तक्ता वाचून घ्यायचा, लक्षात ठेवायचा, आणि डाव्याच्या वेळी तोच म्हणायचा. पण यंदा कंपनीच्या दवाखान्यात नवीन बाई आली होती, ती सगळ्यांचा डावा डोळा आधी घ्यायची. आणि तक्ता दिव्याच्या डब्यात. माणूस खुर्चीत बसला, डोळा झाकला, की मग दिवा लागायचा. चोरून बघायला फटच नाही.

मंडळानं ठराव केला की काकांना वाचवायचं. माझं मेडिकल मागच्याच महिन्यात झालेलं, आणि मी खुर्चीत बसून, वात्रटपणानं, दिवा लागलेल्या त्या डब्याचा फोटो काढून ठेवला होता. मी छाती काढून म्हणालो, "काका, तक्ता मी पाठ करून घेतो."

इथपर्यंत मी चांगला माणूस आहे. इथं गोष्ट थांबवता आली असती तर मी ती घरी बायकोलाही सांगितली असती.

काका चौथी शिकलेले. इंग्रजी अक्षरं ड्रॉइंगवर बघून ओळखायचे, वाचून लगेच म्हणून टाकायची तर जमायचं, पण सलग पाच-सहा दिवसेंदिवस लक्षात ठेवायची म्हणजे त्यांना घाम फुटायचा. म्हणून आम्ही ती आरतीच्या चालीवर बसवली. ड्युटी सुटल्यावर हात धुऊन यायचे, माझ्या बंकच्या कडेला मांडी घालून बसायचे, डोळे मिटून म्हणायचे. पहिल्या चार ओळी दोन दिवसांत झाल्या. तिसऱ्या दिवशी पाचवी.

त्याच दिवशी मला सुचलं. त्या सिनेमात सरदार लोक नव्या माणसाची फजिती करतात, ते दृश्य कापलं गेलं नव्हतं. उपडं पाडतात, गटाराचं पाणी पाजतात, आणि मग मिठी मारतात. आपल्या मंडळात फजिती झालीच नव्हती. काका गुपित सांगून फुकटात आत आले होते. मी रिगरला कोपऱ्यात घेतलं.

"पाचवी ओळ खोटी शिकवू. आपल्या पाचजणांच्या नावांची पहिली अक्षरं. शुक्रवारी सगळ्यांसमोर हूड घालून म्हणायला लावू. स्वतःच्या तोंडानं आपली हजेरी घेतील! मग खरी ओळ सांगू."

रिगर हसून भिंतीला टेकला. "मास्तर, तुम्ही मेल्यावर नरकात वेगळी खोली देतील."

मेडिकल पुढल्या सोमवारी होतं. खरी ओळ शिकवायला शनिवार, रविवार होते.

"आर, एस, एम, व्ही, जे," मी सांगितलं. पहिलं अक्षर माझं.

"आर, एस, एम, व्ही, जे," काका डोळे मिटून म्हणाले. आणि ती ओळ त्यांना सगळ्यात लवकर आली. "ही सोपी आसा मास्तर. बाकीच्या पेक्षा बरी बसली." जाता-येता म्हणायचे. मेसच्या रांगेत ताट धरून पुटपुटायचे. रिगरनं बाकीच्या तिघांनाही सांगून टाकलं होतं, आम्ही पाचजण एकमेकांकडं बघून मिशीत हसायचो. एकदा रिगरला भात नाकात गेला.

बुधवारी सकाळी सहाला आम्ही साइटच्या बसमध्ये बसलो होतो. शेजारी दुसरी बस उभी, इंजिन चालू. दवाखान्याची. त्या दिवशीच्या यादीतला कुणी रजेवर गेला, म्हणून कॅम्प बॉसनं पहाटे काकांचं नाव घातलं होतं. मला ते कळलं कारण माझ्या खिडकीसमोर त्यांची खिडकी आली. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. त्यांनी मला बघितलं. बोट कपाळाला लावून दाखवलं, म्हणजे सगळं इथं आहे. आणि हात हलवला.

मीही हात हलवला.

"मास्तर," रिगर माझ्या कानाशी आला, आता हसत नव्हता. "काका निघाले की. सांगा त्यांना. बस उभी आहे अजून."

इथं मी नेहमी सांगतो की प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही, गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळं फोन करता आला नाही. ऐकणारा मान हलवतो. लॉकरचं खरं आहे. पण गेट चाळीस मिनिटांवर होतं आणि फोन माझ्या खिशात होता. काच सरकवून हाक मारली असती तरी पुरलं असतं. दोन बसमध्ये अंतर हातभरच होतं.

मी म्हणालो, "बघू तर खरं काय होतंय."

मला मजा बघायची होती. आणखी काही नव्हतं. काका खुर्चीत बसून आमची हजेरी घेतायत, ती बाई चक्रावलीय, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि मी ती गोष्ट रंगवून कशी सांगायची याची वाक्यं जुळवायला लागलो होतो. चार ओळी बरोबर आहेत, एक चुकली तर काय आभाळ कोसळतंय, असाही एक हिशेब होता. यल्ला, चला, असं ड्रायव्हर कुणाला तरी ओरडला आणि बस सुटली.

संध्याकाळी काका त्यांच्या बंकवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट तसाच. आम्ही पाचही दारात गेलो, आत कुणीच जाईना.

"चार म्हटलंय," ते म्हणाले. "पाचवेक ती थांबली. परत म्हणा म्हणाली. परत तीच म्हटलंय. मगे तिना दिवो बंद केल्यान आणि दुसरो तक्तो लावल्यान, तेच्यात नुसतो ई, तोंडां चार दिशांक. तो खंयसून सांगतलंय? मगे बॅटरी मारून बघल्यान. डॉक्टरांक बोलावल्यान."

तिचं काही चुकलं नव्हतं. समोर नसलेली अक्षरं कुणी इतक्या ठासून म्हणायला लागला तर कुणीही बॅटरी काढील.

मग काकांनी मान वर केली, आणि मला वाटलं आता शिवी येणार. मी शिवीसाठी तयार होतो. खरं तर मला ती हवी होती.

"मास्तर, तुमी इतक्या शिकवलात, चाल लावून दिलात. माझ्याच डोक्यात रवला नाय. कायतरी भलत्याच बोलान गेलंय. तुमची मेहनत फुकट घालवलंय."

रिगरनं माझ्याकडं बघितलं. मी काकांच्या पायाकडं बघत होतो. एका बुटाची नाडी सुटलेली होती.

"असू दे काका," मी म्हणालो. "होतं असं."

*होतं असं!* बाहेर आल्यावर रिगर माझ्यावर धावला. "सांगा त्यांना. आत्ता आत जा आणि सांगा."

"सांगून डोळा परत येणार आहे का? आणि तक्ता मी पुरवला हे वर कळलं तर मीही जाईन. तूही जाशील."

तो गप्प बसला. बाकीचे तिघं आधीच गप्प होते. सिनेमातल्या सरदारांना शपथ घालावी लागायची, आम्हाला तेवढीही लागली नाही.

फायनल एक्झिटचे, म्हणजे कायमचं गावी धाडायचे कागद व्हायला तीन आठवडे लागले. त्या काळात काका रोज मला भेटायचे आणि रोज थोडे जास्त विसरायचे. म्हणजे विसरत नव्हते, त्यांना तसं वाटायचं. चहात साखर घातली का, दोनदा विचारायचे. टूलबॉक्सची चावी खिशात असताना खिसे चाचपायचे आणि म्हणायचे, "डोळो गेलो तो गेलो, आता डोकाव चल्ला." मी हसायचो. काय करणार, त्यांनीच विनोदासारखं सांगितलेलं.

जायच्या आदल्या दिवशी ते माझ्या ऑफिसच्या केबिनमध्ये आले. वेल्डरचं कार्ड परत करायचं असतं. ते मी घ्यायचं, पंचनं भोक पाडायचं, फाइलवर 'बंद' असा शिक्का मारायचा, हे माझं काम. त्यांच्या शेवटच्या महिन्यातल्या जॉइंटचे एक्स-रे त्याच सकाळी आले होते, सगळे पास. मी ते त्यांच्यासमोर फाइलला लावले.

"खलास?" त्यांनी विचारलं.

"खलास," मी म्हणालो आणि भोक पाडलं. फोटोत त्यांच्या डाव्या डोळ्याच्या जरा वर पडलं. मुद्दाम नव्हे, पंच तिथंच बसतो.

हूड त्यांनी मला देऊन टाकला. "मंडळाक ठेवा," म्हणाले.

मंडळ त्यानंतर जमलं नाही. शुक्रवारी मी सिनेमा लावतो, पण रिगर येत नाही, आणि तो नसला की विचारणारा कुणी नसतो. मध्ये एकदा मला तोच सिनेमा अख्खा, न कापलेला मिळाला. एकट्यानं बघितला. तळघराचा दरवाजा उघडला आणि मी खुर्ची पुढं ओढली. आत काय? दारू पितात, बायकांच्या मागं धावतात, एकजण टेबलावर चढून पडतो. शपथ नाही. कुणी कुणाला गुपित विचारत नाही. तिथं एकाही माणसाला दुसऱ्याच्या गुपिताशी देणंघेणं नव्हतं. ते कलम सगळं माझं होतं.

काकांचा फोन मागच्या शुक्रवारी आला. मुलगी आता कॉलेज सोडून गावातल्याच एका डॉक्टरकडं मदतीला जाते, असं म्हणाले. गावात खिडक्यांच्या ग्रिलची कामं मिळतात, पण ते घेत नाहीत. मापं लक्षात राहणार नाहीत म्हणून. "घोव आता विसरता, असा बायको शेजाऱ्यांक सांगता. बाजारात एकट्याक सोडणा नाय," म्हणाले, आणि हसले.

मग आवाज बदलला. "मास्तर, पण एक सांगूक फोन केलंय. काल न्हाताना एकदम आठवला. ती पाचवी ओळ."

मी बंकवर उठून बसलो.

"म्हणतंय हां. आर. एस. एम. व्ही. जे." चालीवर म्हटली, एक अक्षर इकडं तिकडं नाही. "बरोबर आसा मां?"

समोर खुंटीवर त्यांचा हूड होता, काच खाली. वरच्या बंकवर मचाणवाला झोपल्याचं सोंग करून पडला होता. त्याचं अक्षर तिसरं.

"मास्तर? आयकतात मां?"

"बरोबर आहे, काका," मी म्हणालो.

"बघलात?" त्यांना इतका आनंद झाला की फोन तोंडापासून लांब गेला आणि ते घरात कुणाला तरी ओरडून सांगायला लागले, "आठवला गो! मास्तर म्हणतत बरोबर आसा!" मग परत माझ्याशी, हळू आवाजात, "मगे त्या दिवशी मी म्हटलंय तरी काय, मास्तर?"